टाळ्या कापलेली मैफल

(दृश्य: ॲमस्टरडॅम, संध्याकाळ. मोठं हिरवं मैदान, दोन्ही टोकांना दोन जुन्या इमारती.)

या मैदानाच्या एका टोकाला राइक्सम्युझियम आहे आणि दुसऱ्या टोकाला कॉन्सर्टखेबाउ. इकडे चित्रं, तिकडे संगीत. मधलं अंतर रमतगमत चाललं तरी फार नाही.

आपण आलोय २३ नोव्हेंबर १९७३ च्या रात्रीसाठी. कॉन्सर्टखेबाउ उघडलं १८८८ साली. सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी बांधलेलं हे दालन आपल्या नादासाठी जगभर नावाजलेलं आहे. सज्जाच्या कठड्यावर थोर संगीतकारांची नावं ओळीने लिहिलेली आहेत. त्या रात्री त्या नावांच्या साक्षीने चार इंग्लिश तरुण वाजवत होते. गिटार आणि मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्यावर रॉबर्ट फ्रिप, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस, बेस गिटार आणि गायनाला जॉन वेटन, ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. बँडचं नाव किंग क्रिमसन.

वर्षभर हे लोक दौऱ्यावर होते. पुढचा अल्बम करायचा होता आणि हातात पुरी झालेली गाणी मोजकीच होती. मंचावर मात्र रोज रात्री नवं काहीतरी जन्माला येत होतं, कारण ते कार्यक्रमाच्या मधोमध काहीही न ठरवता वाजवायला लागत. कुणीतरी एक सूर टाकायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. म्हणून त्या दौऱ्यातल्या काही मैफली मल्टिट्रॅक टेपवर उतरवून घेतल्या गेल्या. मल्टिट्रॅकवर प्रत्येक वाद्याचा माग वेगळा राहतो आणि नंतर प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो.

मार्च १९७४ मध्ये ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ बाजारात आला. घेणाऱ्यांना तो स्टुडिओतला अल्बम वाटला. वाटणारच, कारण त्यात श्रोते कुठेच नव्हते. टाळ्या नाहीत, खोकला नाही, शिट्टी नाही. पण सगळ्या अल्बममध्ये अथपासून इतिपर्यंत स्टुडिओत वाजवलेली गाणी होती फक्त दोन. बाकी बहुतेक ऐवज मंचावरचा होता, फक्त टाळ्या कापून टाकलेल्या. शीर्षक-रचना, ‘ट्रायो’ आणि अकरा मिनिटांची ‘फ्रॅक्चर’, या तिन्ही याच दालनातल्या, याच रात्रीच्या.

(दृश्य: मेलोट्रॉनचं झाकण उघडलेलं. आतल्या फितींची रांग.)

आता हे वाद्य जवळून बघा. दिसायला पेटीची किंवा ऑर्गनची भावंडं. आत मात्र प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक फीत ताणलेली आहे. पट्टी दाबली की फीत टेप वाचणाऱ्या हेडवरून सरकते आणि कधीकाळी रेकॉर्ड करून ठेवलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर ऐकू येतो, साधारण आठ सेकंद. मग फीत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला झटक्यात मागे ओढते. घरात ठेवायला ठीक. पण हे वाद्य ट्रकमध्ये घालून गावोगाव न्यायचं, रोज वेगळी हवा, वेगळा विजेचा दाब. सूर ढळायचा, कधी यंत्रच रुसायचं.

त्या रात्रीही ते रुसलं. आणि कुठल्या गाण्यात? ‘द नाइट वॉच’मध्ये. हे गाणं रेम्ब्रांटच्या त्याच नावाच्या चित्रावर आहे, आणि ते मूळ चित्र मैदानापलीकडे राइक्सम्युझियममध्ये टांगलेलं होतं. अल्बममध्ये या गाण्याची फक्त सुरुवात ॲमस्टरडॅमची आहे, पुढचं सगळं स्टुडिओत वाजवून जोडलं. मला हे कळल्यापासून ती सुरुवात नुसती ऐकवत नाही. दर वेळी ते दालन आणि ते मैदान डोळ्यांपुढे येतं.

(दृश्य: चित्र. कॅमेरा हळूहळू डाव्या कडेकडे.)

चित्र १६४२ चं. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक आणि त्याचे शिपाई. १७१५ साली ते नगरभवनात हलवायचं ठरलं तेव्हा तिथल्या भिंतीवर ते मावेना. मग चारही बाजूंनी कापलं. सगळ्यांत जास्त कापलं ते डावीकडून, तिथल्या काही आकृतीच गेल्या. ते तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत. २०२१ मध्ये एका जुन्या नकलेच्या आधारे, संगणकाच्या मदतीने गेलेले भाग नव्याने तयार करून काही काळ मूळ चित्राभोवती लावले होते.

मैफलीचं नशीब थोर. तबकडीच्या दोन बाजूंत बसवण्यासाठी तिचीही काटछाट झाली होती, पण मूळ टेप शाबूत राहिल्या. १९९७ मध्ये फ्रिप यांच्याच डीजीएम या कंपनीने ती मैफल ‘द नाइट वॉच’ नावाने दोन सीडींवर काढली. श्रोते परत आपल्या जागेवर येऊन बसले.

फरक काय पडतो, असं कुणी विचारलं तर मी ‘फ्रॅक्चर’ दोन्हींकडे ऐकायला सांगेन. गिटारचे सूर मोत्याच्या सरीसारखे एकामागून एक, दम घ्यायला जागा नाही. अल्बमवर ऐकताना वाटतं, चांगला तयारीचा वादक आहे, चुकलं तर पुन्हा घेतलं असेल. मैफलीत ऐकताना कळतं की पुन्हा घ्यायची सोयच नव्हती. समोर भरलेलं दालन, आणि एकच संधी. तेच सूर, तीच बोटं, पण ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. टाळ्या कापल्या की ही जोखीमही कापली जाते.

किंग क्रिमसनचा हा संच पुढे जेमतेम सातेक महिने टिकला. १ जुलै १९७४ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेवटची मैफल झाली आणि सप्टेंबरात बँड मोडल्याचं जाहीर झालं. पण दौऱ्यातल्या टेप निघत राहिल्या. १९९२ मध्ये चार सीडींचा संच आला, २०१४ मध्ये तर सत्तावीस डिस्कची पेटी. माझं मत विचाराल तर नवख्याने पेटीच्या वाटेला जाऊ नये. ॲमस्टरडॅमची ही एक रात्र आधी नीट ऐकावी.

(दृश्य: काळा पडदा. ‘ट्रायो’ची सुरुवात, अगदी हळू.)

व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉनची बासरी. तिघंच, म्हणून नाव ‘ट्रायो’. काहीच ठरलेलं नव्हतं. बिल ब्रुफर्ड ड्रम्समागे बसून होता, दोन्ही काठ्या छातीवर आडव्या धरून. केव्हाही ठेका धरू शकला असता. साडेपाच मिनिटांत त्याने एकही ठोका दिला नाही. बाकी तिघांनी अल्बमवर रचनाकारांमध्ये त्याचंही नाव घातलं, त्याने राखलेल्या संयमासाठी.

ऐका. तो आत्ताही तिथे बसला आहे.