निलगिरीचा एक थेंब

नमस्कार श्रोतेहो.

पावसाची झड लागली की दादरपासून दहिसरपर्यंत घराघरांत सर्दी मुक्कामाला येते आणि फळीवरची निलगिरी तेलाची बाटली खाली उतरते. हल्ली तिच्या शेजारी लॅव्हेंडर, टी ट्री, गवती चहा यांच्याही बाटल्या दिसतात. या सुगंधी उपचाराला 'अरोमाथेरपी' हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मोरिस गातफोसे यांनी रूढ केलं. १९३७ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. आपली लवंग मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून दुखऱ्या दाढेखाली आहे. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल तेवढा भाग बधिर करतं, दंतवैद्यही ते वापरतात.

सुगंधाने मन हलकं होतं, हे मी मनापासून मानते. लॅव्हेंडरच्या वासाने अस्वस्थता थोडी कमी होते, असं काही अभ्यासांतही दिसलं आहे. पण आजार बरा करण्याचे दावे सोडून द्या. पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा जागवतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, सूज मात्र तशीच असते. तेवढाही आराम रात्री झोप लागायला पुरतो, म्हणून मोठ्या माणसाने रुमालावर एखादा थेंब जरूर घ्यावा. दम्याच्या रुग्णांनी मात्र जपून, उग्र वासाने धाप लागू शकते.

मला खरी काळजी लहान मुलांची वाटते. किलोभर पानं वाफेवर धरली, तर हाती तेल येतं ते काही चमचेच. म्हणजे बाटलीत केवढा अर्क साठलाय, बघा! तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला कापूर किंवा निलगिरी लावू नका, आजीने कितीही प्रेमाने सांगितलं तरी. हे तेल पोटात गेलं तर मुलाला झटके येऊ शकतात, त्याला काही मिलीलिटरही पुरतात.

मोठ्यांनीही अंगाला निव्वळ तेल चोळू नये. ३० मिलीलिटर खोबरेल तेलात दहा-बारा थेंब पुष्कळ झाले. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

आणि मुलाने चुकून तेल प्यायलंच, तर उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट जवळचं रुग्णालय गाठा.