मुक्त विद्यापीठाला पैसा आधी लागतो, विद्यार्थी नंतर येतात

नमस्कार मंडळी.

आज थेट नायजेरियापासून सुरुवात करते. २२ जुलै १९८३ला तिथे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे रोज वर्गात न जाता घरी बसून शिकायचं विद्यापीठ, स्थापन झालं. देश मोठा, गावं लांब लांब, आणि कॉलेजात जागा मिळत नाही अशी लाखो मुलं. म्हणजे गरज खरी होती. पण त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी लष्कराने सत्ता घेतली, आणि २५ एप्रिल १९८४ला नव्या सरकारने विद्यापीठ बंद केलं. स्थापना होऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. तेलाचा पैसा आटला होता, टपाल, टेलिफोन आणि विजेचा भरवसा नव्हता. ते पुन्हा उभं करायला घेतलं २००१ मध्ये. मधली सतरा वर्षं कोरडीच गेली.

हे विद्यापीठ एवढ्या सहज का बंद करता आलं? मला वाटतं, पैसा कशावर खर्च होतोय हे तेव्हा बाहेरून दिसतच नव्हतं. वर्गात मुलं नाहीत, पदवीदान नाही, नुसती तयारी चाललेली. अर्थखात्याच्या माणसाला अशा वेळी खर्च दिसतो, फळ दिसत नाही. मुक्त विद्यापीठाच्या पैशाचं सगळं कोडं इथेच आहे, म्हणून आज त्यावरच बोलूया.

साधं कॉलेज कसं सुरू होतं ते आपण पाहिलेलं आहे. शाळेच्या दोन खोल्या मिळतात, पाच प्राध्यापक नेमले जातात, पहिलं वर्ष भरतं. पुढच्या वर्षी आणखी दोन खोल्या, आणखी तीन प्राध्यापक. विद्यार्थी वाढले की खर्च वाढतो, दोघं हातात हात घालून चालतात.

मुक्त विद्यापीठ मात्र साखर कारखान्यासारखं आहे. ऊस यायच्या आधी यंत्रं बसवावी लागतात, बॉयलर लागतो, माणसं नेमावी लागतात. शंभर टन उसासाठी कारखाना उभा करत नाहीत, आणि उभा केला तर ती साखर कुणाला परवडणार नाही.

ही यंत्रं म्हणजे काय? मुख्य यंत्र म्हणजे पुस्तक. नेहमीचं क्रमिक पुस्तक नव्हे. त्याला स्वयं-अध्ययन साहित्य म्हणतात, आणि ते लिहिणं हा वेगळाच धंदा आहे. वर्गात मुलाचा चेहरा पडला की शिक्षक थांबतो, दुसरं उदाहरण देतो. पुस्तकाला चेहरा दिसत नाही. म्हणून विद्यार्थी कुठे अडेल हे लिहिणाऱ्याने आधीच ओळखायचं आणि तिथे उदाहरण घालायचं. दर तीन-चार पानांनी स्वयं-परीक्षणाचे प्रश्न, मागे त्यांची उत्तरं, आणि टिपणांसाठी समासात जागा. लेखक एक, त्या विषयाचा संपादक दुसरा, भाषा सोपी करणारा तिसरा, चित्रं काढणारा चौथा. त्यानंतर खऱ्या विद्यार्थ्यांना वाचायला देऊन पाहायचं आणि पुन्हा लिहायचं. एका विषयाला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. त्या काळात फीचा एक रुपया येत नाही.

ब्रिटनचंच बघा. तिथल्या मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली १९६९ मध्ये, आणि पहिले विद्यार्थी शिकायला लागले जानेवारी १९७१ मध्ये. मधल्या काळात सरकार बदललं. नव्या शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. खर्चाला कात्री लावण्यासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या या बाईंनी हे विद्यापीठ मात्र चालू ठेवलं, कारण एका पदवीमागे पडणारा खर्च कमी येणार हा हिशेब त्यांना पटला होता.

तो हिशेब आता आपणच मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या विद्यापीठाचे नाहीत.

(पडद्यावर फळा. आकडे एकेक करून उमटतात.)

समजा, एक अभ्यासक्रम तयार करायला ६० लाख रुपये लागले. हा झाला स्थिर खर्च. मग दर विद्यार्थ्यामागे छपाई, टपाल, संपर्क सत्रं (म्हणजे केंद्रावर शिक्षकांशी होणाऱ्या भेटी), स्वाध्याय (विद्यार्थ्याने घरी लिहून पाठवलेली उत्तरं) तपासणं, परीक्षा असे धरू १,५०० रुपये.

विद्यार्थी ३०० आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २०,००० अधिक १,५००, म्हणजे २१,५०० रुपये. इतक्यात शेजारचं कॉलेज स्वस्त पडेल.

३,००० आले, तर ३,५०० रुपये.

३०,००० आले, तर १,७००.

हीच मुक्त विद्यापीठाची जादू, आणि ती खरी आहे. पण आता ३०,०००चे ६०,००० करा. खर्च येतो १,६००. विद्यार्थी दुप्पट झाले आणि वाचले फक्त शंभर रुपये. म्हणजे एका मर्यादेनंतर संख्या वाढवून काही हाती लागत नाही. आणखी स्वस्त करायचं, तर कात्री त्या १,५०० रुपयांनाच लावावी लागते. ही ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

त्याआधी त्याच फळ्यावर दुसरी गोष्ट. ते ३०,००० विद्यार्थी एका अभ्यासक्रमाऐवजी दहांमध्ये वाटले, तर प्रत्येकात ३,००० होतात, आणि खर्च पुन्हा ३,५००वर जातो. विद्यार्थी तेवढेच, खर्च दुपटीहून जास्त. तरीही नवं विद्यापीठ निघालं की पहिल्याच वर्षी पन्नास अभ्यासक्रमांची जाहिरात करण्याचा मोह होतो. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, कायदा १९८५चा. शिकवणं सुरू झालं १९८७ मध्ये, तेही दोनच पदविकांनी, व्यवस्थापन आणि दूरशिक्षण. विद्यार्थी होते ४,५२८. एवढ्या मोठ्या देशाचं राष्ट्रीय विद्यापीठ दोन अभ्यासक्रमांनी सुरू झालं, हे नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं.

आता इमारती. आपल्या देशात राज्याचं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं आंध्र प्रदेशात, १९८२ मध्ये. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी, हेच पुढे इग्नूचेही पहिले कुलगुरू झाले. महाराष्ट्राचं विद्यापीठ १ जुलै १९८९चं. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला. यशवंतराव चव्हाणांचं नाव आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. या सगळ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. तालुक्या-तालुक्याला वर्ग बांधत बसले नाहीत. असलेली कॉलेजं अभ्यासकेंद्रं म्हणून घेतली. फळा, बाकं, प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशी रिकाम्याच असतात. तिथल्याच प्राध्यापकांना मानधन देऊन समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शंका सोडवणारे मार्गदर्शक, नेमलं. गरीब देशात याहून चांगली बचत मला तरी माहीत नाही.

नाशिकच्या विद्यापीठाचं आणखी एक मोल आहे, ते म्हणजे भाषा. पुस्तक तयार करायचा खर्च मराठीतही तेवढाच आणि इंग्रजीतही तेवढाच. मग मराठीत करायला परवडतं कसं? वाचणारे पुष्कळ आहेत म्हणून. शेतीचं शिक्षण शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेतल्या पुस्तकातून मिळालं, त्यामागे ही संख्या आहे. पण हाच नियम गोंडीला लावा, कोरकूला लावा, भिल्लीला लावा. आकडा कधीच जुळणार नाही. तिथे 'विद्यापीठाने स्वतःच्या पायावर उभं राहावं' असं म्हणणं म्हणजे त्या भाषेत शिक्षण नको असं म्हणणं आहे. तो पैसा सरकारनेच दिला पाहिजे, आणि परत येईल ही अपेक्षा न ठेवता.

पैसा येतो कुठून? परदेशी मदत हा एक रस्ता. बांगलादेशचं मुक्त विद्यापीठ १९९२चं, त्याला आशियाई विकास बँकेचं कर्ज मिळालं. इग्नूचं दिल्लीतलं चित्रफिती बनवायचं केंद्र जपानच्या अनुदानातून उभं राहिलं. या पैशाने इमारत येते, यंत्रं येतात, तज्ज्ञ येतात. तंत्रज्ञांचा पगार, कॅमेऱ्याची दुरुस्ती, दर वर्षीचं वीजबिल सहसा येत नाही. आणि यंत्रं म्हातारी होतात. २० सप्टेंबर २००४ला आपण खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला, २०१० मध्ये त्याचं काम संपलं. सहा वर्षं. ज्या योजनेत सातव्या वर्षाची तरतूद नाही, ती अर्धीच योजना आहे.

दुसरा रस्ता फीचा, आणि इथे मला राग येतो. साध्या अनुदानित कॉलेजात प्राध्यापकाचा पगार सरकार देतं, आणि त्यात काही चूक नाही. पण दिवसभर दुकानात उभं राहून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाला, मुलं मोठी झाल्यावर पुस्तक हातात घेणाऱ्या बाईला आपण सांगतो की तुमच्या शिक्षणाचा खर्च तुमच्याच फीमधून निघाला पाहिजे. कर तेही भरतात. मुक्त विद्यापीठ स्वस्त पडतं हे खरं, पण स्वस्त पडतं म्हणून फुकटात चालवता येईल असं नाही.

आता त्या १,५०० रुपयांकडे परत येते.

(कॅमेरा जवळ.)

काही वर्षं मी एका दूरशिक्षण संस्थेच्या केंद्रावर रविवारी समंत्रक होते. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे एक अंगणवाडी सेविका यायच्या. सकाळची पहिली एसटी, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि पिशवीत पुस्तकांना घातलेली वर्तमानपत्राची कव्हरं. एकदा त्यांनी तपासून आलेला स्वाध्याय माझ्यापुढे ठेवला. सोळा पानं, सुवाच्य अक्षर. शेवटी लाल शाईत दहापैकी सहा. सोळा पानांवर दुसरी एकही खूण नव्हती.

त्या म्हणाल्या, "मॅडम, सहा मिळाले ते ठीक आहे. चार कुठे गेले ते सांगाल का?"

मी चौकशी केली. तपासणाऱ्याला दर वहीमागे मिळणारं मानधन कमी केलं होतं, आणि शेरे लिहायची अटही काढून टाकली होती. कागदावर छान बचत झाली होती. पुस्तक तेच, परीक्षा तीच, पदवी तीच. हिशेबात कुठेच काही कमी झालेलं दिसत नव्हतं. पण घरी बसून शिकणाऱ्या माणसाला शिक्षक भेटतो तो त्या समासातच. तेवढे दोन शब्द गेले की उरतं ते पार्सल.

दूरशिक्षणात मुलं मध्येच का सोडतात यावर खूप चर्चा होते. घरची अडचण, नोकरी, लग्न, सगळं खरं आहे. पण आपण लिहिलेलं कुणी वाचतच नाही असं एकदा वाटलं की या अडचणी दुप्पट होतात. हे मी रविवारमागून रविवार पाहिलं आहे.

म्हणून कुठल्याही नव्या मुक्त विद्यापीठाचा प्रस्ताव वाचताना मी इमारतीचं पान आधी उघडत नाही. दर विद्यार्थ्यामागे संपर्क सत्रांना आणि स्वाध्याय तपासायला किती ठेवलेत ते बघते. मग पाचव्या वर्षाचा रकाना. विद्यार्थीसंख्या तिप्पट दाखवली असेल आणि हा आकडा जिथल्या तिथे असेल, तर कात्री आधीच लागलेली आहे. पहिली दोन-तीन वर्षं, विद्यार्थी नसतानाचा पैसा कुठून येणार हेही शोधते. तो कायद्याने बांधलेला हवा, नाहीतर सरकार बदललं की नायजेरिया.

आणि नायजेरियाचं राहिलंच. २००१ मध्ये ते विद्यापीठ पुन्हा उभं करायला घेतलं राष्ट्राध्यक्ष ओबासान्जो यांनी. पदावरून उतरल्यावर ते स्वतः तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले, आणि ऐंशीच्या घरात असताना त्यांनी तिथूनच पीएचडी मिळवली. आज आफ्रिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत त्याची गणना होते.

त्या सेविकाबाईंची वही घेऊन मी त्या दिवशी संपर्क सत्र संपल्यावर बसले. चारातले दोन गुण उदाहरण न दिल्यामुळे गेले असावेत, एक प्रश्न नीट न वाचल्यामुळे. चौथा का गेला ते मलाही कळलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं समासात पेन्सिलीने उतरवून घेतलं आणि साडेचारची एसटी पकडली.

तुमच्यापैकी कुणी मुक्त विद्यापीठातून शिकलं असेल, तर तुमच्या स्वाध्यायावर कुणी काय शेरा लिहिला होता ते मला खाली जरूर लिहा. पुढच्या भागात परीक्षांबद्दल बोलू.