फलाह : कास्तकाराच्या भाषेतले यश

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

आपल्या नागपुरातला मोमिनपुरा इथून जवळच आहे, त्यामुळे आपल्यापैकी जे मुस्लिम नाहीत त्यांच्याही कानावर अजान रोज पडत असते. तिच्यातले एक वाक्य प्रत्येक वेळी दोनदा येते, म्हणजे पाच नमाजांच्या मिळून दिवसाला दहा वेळा : ‘हय्या अलल-फलाह’, या, फलाहकडे या. उर्दूत त्याचा अर्थ ‘कामयाबी’ असा सांगतात. मराठीत कोणी ‘यश’ लिहितो, कोणी ‘कल्याण’. ‘इस्लामच्या दृष्टीने यशस्वी कोण’ हा विषय मला आज दिलेला आहे आणि त्याचे उत्तर मी या एका शब्दाचे बोट धरून शोधणार आहे.

अरबीत या शब्दाच्या धातूचा मूळ अर्थ फोडणे, चिरणे, जमीन नांगरणे असा आहे. जुन्या अरबी कोशांत त्याच्याखाली एक म्हण दिलेली आढळते, ‘लोखंड लोखंडानेच फुटते’. तिथे ‘फुटणे’ या अर्थी आलेले क्रियापद हेच. आणि ‘फल्लाह’ म्हणजे शेतकरी, आपण विदर्भात ज्याला कास्तकार म्हणतो तो. माझे वडील कोरडवाहू कास्तकार होते. उन्हाळ्यात वखरणी आटोपली की ते संध्याकाळी धुऱ्यावर उभे राहून वावराकडे बराच वेळ पाहत राहायचे. त्या वेळी त्या वावरात कोणाला दाखवण्यासारखे काही नसायचे. पऱ्हाटी नाही, तूर नाही, नुसती काळी तापलेली ढेकळे. पुढे चाळिशीत मी अरबी शिकायला बसलो, आणि कुरआन ज्याला यशस्वी म्हणतो तो ‘मुफ्लिह’ व वावरात राबणारा ‘फल्लाह’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत हे कळले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते उघडे वावर आले. आपण यश म्हणतो ते बहुधा पीक घरात आल्याच्या दिवशी. हा शब्द आपल्याला त्याच्या कितीतरी आधीच्या दिवसाकडे नेतो, जेव्हा आकाश कोरडे असते आणि माणूस तरीही माती फोडत असतो.

कुरआनच्या ९१व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, ‘अश-शम्स’मध्ये, सूर्य, चंद्र, दिवस, रात्र, आकाश, पृथ्वी आणि शेवटी माणसाचा आत्मा, अशा शपथा एकामागून एक येतात. एवढ्या शपथा घेऊन जे सांगायचे आहे ते दोन छोट्या आयतींत, म्हणजे वचनांत, आहे : ज्याने आत्म्याला निर्मळ केले तो यशस्वी झाला, आणि ज्याने त्याला गाडले तो वाया गेला. निर्मळ करण्यासाठी जो शब्द आला आहे त्याच्या मुळात वाढणे, फोफावणे हाही अर्थ आहे. ‘जकात’, म्हणजे आपल्या संपत्तीतून द्यायचे बंधनकारक दान, हा शब्द तिथलाच. गाडण्यासाठी आलेल्या शब्दाचे मूळ अनेक भाष्यकार ज्या क्रियापदात पाहतात, ते क्रियापद १६व्या सूरेतही आले आहे. तिथे मुलगी झाल्याची बातमी ऐकून चेहरा काळवंडलेला एक बाप आहे, आणि तो मनाशी विचारतो आहे की अपमान सोसून हिला ठेवून घेऊ की मातीत पुरून टाकू. जिवंत लेकीला मातीत लोटणाऱ्या बापासाठी वापरलेला शब्द माणसाने स्वतःच्या आत्म्याशी केलेल्या वागणुकीसाठी वापरला जावा, हे वाचताना मला आजही थरकाप होतो. बीही मातीतच जाते. वरून पाहणाऱ्याला काय पेरले आणि काय पुरले हे कळत नाही.

यशस्वी माणसाची ओळख कुरआनात अनेक जागी सांगितली आहे, पण सर्वांत सविस्तर ती २३व्या सूरेच्या पहिल्या अकरा आयतींत आहे. ते नमाजात नम्र असतात, निरर्थक गोष्टींपासून दूर राहतात, जकात देतात, आपले शील जपतात, अनामती आणि वचने सांभाळतात, नमाजांची काळजी घेतात. नमाज आरंभी आहे आणि अखेरीसही आहे; मधला जवळपास सगळा भाग माणसामाणसांतल्या व्यवहाराचा आहे. आपण मराठीत ‘अनामत रक्कम’ म्हणतो तो शब्द मुळात अरबी ‘अमानत’च, आणि हिशेब, हक्क, नफा, नुकसान, बरकत हे इतवारीच्या बाजारात रोज बोलले जाणारे शब्दही तिथूनच आलेले आहेत. या ओळखीत संपत्तीचा उल्लेख नाही, पण दारिद्र्याचाही नाही. जकात देणारा म्हटल्यावर त्याच्याजवळ काहीतरी असणार हे गृहीतच धरलेले आहे. इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आपल्या भागाच्या जिव्हाळ्याची आहे. पावसावर किंवा झऱ्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा आणि पाणी ओढून भिजवलेल्या पिकाचा विसावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवून दिले. कोरडवाहूचे दहा टक्के आणि ओलिताचे पाच, याचे कारण एवढेच की ओलितात माणसाचे कष्ट आणि खर्च जास्त आहेत.

आता अपयशी कोण, हेही पाहिले पाहिजे, कारण तिथे हा विचार अधिक टोकदार होतो. प्रेषितांनी एकदा आपल्या साथीदारांना विचारले, मुफलीस कोण ते तुम्हाला माहीत आहे का? ‘मुफ्लिह’ म्हणजे यशस्वी आणि ‘मुफ्लिस’ म्हणजे दिवाळखोर. दोन्ही शब्दांत शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे. साथीदार म्हणाले, ज्याच्याजवळ ना दिरहम ना सामान, तो. प्रेषित म्हणाले, माझ्या समाजातला मुफलीस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाचे रक्त सांडलेले असेल, कोणाला मारलेले असेल. मग त्याची पुण्ये त्या एकेकाला वाटून दिली जातील, आणि देणे फिटण्याआधी पुण्ये संपली तर त्या लोकांची पापे याच्या माथी मारली जातील, आणि तो आगीत टाकला जाईल. ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आहे. या माणसाची इबादत खोटी होती असे कुठेही म्हटलेले नाही. त्याचे वावर खरेच पिकले होते. पण त्या पिकावर दुसऱ्यांची देणी होती आणि खळ्यातूनच माल उचलला गेला. मी स्वतः नमाजी माणूस आहे, आणि या हदीसीची भीती मला जितकी वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

सध्या जून महिना आहे. निकाल लागले आहेत, शिकवणीवर्गांच्या मोठमोठ्या फलकांवर गुणवंत मुलांचे चेहरे झळकत आहेत, आणि ज्यांचे चेहरे फलकावर आले नाहीत त्या मुलांच्या घरांत काय वातावरण आहे ते मी शेजारीपाजारी पाहतो आहे. या मुलांना मी असे सांगणार नाही की जगातले यश तुच्छ आहे, कारण कुरआन तसे सांगत नाही. शुक्रवारची नमाज झाली की जमिनीवर पांगा, अल्लाहची कृपा शोधा आणि त्याचे पुष्कळ स्मरण करा, म्हणजे तुम्हाला फलाह मिळेल, असे ६२व्या सूरेत म्हटले आहे. कामधंद्याला बाहेर पडणे हाही त्या शब्दाचाच भाग झाला. कुरआनातल्या धनाढ्य कारूनच्या कथेत त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना ताकदवान माणसे वाकत. त्याला त्याच्या लोकांनी दिलेल्या उपदेशातही ‘जगातला तुझा वाटा विसरू नकोस’ हे वाक्य आहे. कारून थाटात बाहेर पडला तेव्हा पाहणारे म्हणाले, आम्हालाही असे मिळाले असते तर! तो जमिनीत गडप झाल्यावर तेच लोक आपण वाचलो म्हणून अल्लाहचे उपकार मानू लागले. त्या लोकांचे आदल्या दिवशीचे डोळे आणि दुसऱ्या दिवशीचे डोळे, या दोहोंच्या मध्ये ही सगळी कथा आहे.

आपल्या शहरातले एक उदाहरण मला यात महत्त्वाचे वाटते. ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ साली कामठीचा. लहानपणीच आईबाप गेले, पुढे सैन्यातली नोकरी सोडली, लोक वेडा म्हणू लागले, आणि १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तिथे त्यांची सोळा वर्षे गेली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि आज ताजबागेत सर्व जातिधर्मांचे लोक रांगा लावतात. दर्ग्यावर जाण्याविषयी मुसलमानांत मतभेद आहेत, ते मी इथे उकरत नाही. मला एवढेच दिसते की त्या सोळा वर्षांत त्यांना नोंदवहीत पाहणाऱ्याने अपयशी याखेरीज दुसरा शेरा लिहिला नसता. नूह पैगंबर तर साडेनऊशे वर्षे आपल्या लोकांत राहिले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. कुरआन त्यांना कुठेही अयशस्वी म्हणत नाही.

व्याख्यानाच्या आधी एका श्रोत्याने माझ्याकडे चिठ्ठी पाठवली : ‘कर्जात बुडालेला कास्तकार इस्लामच्या दृष्टीने अपयशी आहे का?’ ज्या प्रदेशात या प्रश्नापायी इतक्या माणसांनी जीव दिला, तिथे याचे उत्तर जपून आणि स्पष्ट दिले पाहिजे. तो अपयशी नाही. प्रेषितांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत तीस साअ (धान्य मोजण्याचे जुने अरबी माप) जवाच्या मोबदल्यात एका ज्यू गृहस्थाकडे गहाण होते. कर्ज फेडण्याची ताकीद इस्लाममध्ये फार कडक आहे, हे खरेच. पण कुरआनने फलाहचा प्रश्न जिथे कर्जाशी जोडला आहे, तिथे तो देणाऱ्याला विचारलेला आहे. तिसऱ्या सूरेत म्हटले आहे, दुपटी-चौपटीने वाढणारे व्याज खाऊ नका, अल्लाहचे भय बाळगा, म्हणजे तुम्हाला फलाह मिळेल. दुसऱ्या सूरेत म्हटले आहे, कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि माफ केलेत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. नवव्या सूरेत जकातीचे जे आठ वाटेकरी सांगितले आहेत त्यांत कर्जदार आहे. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांतून जी जकात निघते, तिच्यातला किती हिस्सा त्याच्यापर्यंत पोचतो, हे मी इथल्या मशिदींच्या विश्वस्तांना आज जाहीरपणे विचारतो आहे.

बुखारींच्या संग्रहात एका व्यापाऱ्याची हदीस आहे. तो लोकांना उधार देत असे. वसुलीच्या वेळी कोणी अडचणीत दिसला की तो आपल्या नोकरांना म्हणे, याचे सोडून द्या, कदाचित अल्लाह आपलेही सोडून देईल. मग अल्लाहने त्याचे सोडून दिले.