खून एकाचा, गप्प अख्खं बेट

नमस्कार मंडळी. जेवणं उरकली असतील तर उत्तम, नसतील तर आधी ताट संपवा आणि मग रेडिओचा आवाज वाढवा, कारण आज ज्या कादंबरीबद्दल बोलायचंय तिची सुरुवातच बोटींच्या शेडमध्ये लटकलेल्या प्रेतापासून होते आणि लेखकाने वर्णन करताना हात अजिबात आखडता घेतलेला नाहीये.

कादंबरीचं नाव 'द ब्लॅकहाऊस', लेखक पीटर मे. घडते स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस नावाच्या बेटावर, आणि तेही बेटाच्या पार उत्तर टोकाला, नेस भागात, जिथे झाड औषधाला सापडत नाही, नुसता वारा आणि काळं माळरान. आता बेटावरची मर्डर मिस्ट्री म्हटली की साचा ठरलेलाच असतो ना, वादळ येतं, बोट बंद, फोन बंद, बंगल्यात आठदहा पाहुणे, आणि मग एकेक जण टपकायला लागतो. इथे तसलं काहीच नाही. विमान येतंय, फेरी चालू आहे, पोलीस स्टेशन आहे, तरीसुद्धा बेट बंदच, कारण दाराला कडी समुद्राने नाही, माणसांनीच आतून लावलीये.

फिन मॅक्लाउड हा एडिंबराचा डिटेक्टिव्ह. नुकताच मुलगा गेलाय, घरी बायकोशी बोलणं जवळजवळ संपलंय, आणि एडिंबरात त्याच्या हातात असलेल्या एका खुनाशी हा खून जुळतोय म्हणून साहेब त्याला लुईसला पाठवतात. खरी गोम पुढे आहे. फिन ह्याच गावचा. मेलेला माणूस शाळेतला दादा, ज्याने अर्ध्या गावाच्या पोरांना छळलेलं, म्हणजे संशयितांची यादी करायला बसलं तर ती फिनच्या जुन्या वर्गाची हजेरीच होईल. चौकशीला जाईल तिथे लोक आधी चहा ठेवतात, मग ह्याच्या आईबापाच्या आठवणी काढतात, आणि मुद्द्याचा प्रश्न आला की खिडकीबाहेर बघतात. आपल्याकडे गावात तलाठ्याने विचारलं की कसं सगळ्यांना एकदम काही आठवेनासं होतं, डिट्टो तेच.

एक प्रकरण आजचं, एक लहानपणीचं, असं पुस्तक चालतं, आणि लहानपणीचं फिन स्वतः 'मी' म्हणून सांगतो. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला फक्त गेलिक, म्हणजे तिथली घरची भाषा, येतं, इंग्रजीचा गंध नाही, आणि शेजारची एक पोरगी त्याच्यासाठी भाषांतर करते. मराठी शाळेतून एकदम इंग्रजी वर्गात जाऊन बसलेल्यांनी हा भाग वाचावा, बाकी काही सांगत नाही.

ब्लॅकहाऊस म्हणजे तिथली जुनी घरं. जाड दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, मधोमध जमिनीवर विस्तव आणि धुराड्याचा पत्ता नाही, धूर छपरातूनच वाट काढणार, आणि त्याच छपराखाली पलीकडच्या बाजूला गाई. जळण कसलं, तर पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेल्या गवत-शेवाळाची माती, विटांसारखी कापायची, वाळवायची आणि घराशेजारी रचून ठेवायची, आपण गोवऱ्या रचतो तशी. काजळी धरलेलं गवत काढलं की ते परत शेतात खत म्हणून. वाया काहीच नाही.

इथे एक आडवळण घेतो, राहवत नाही म्हणून. १८४४ साली हे लुईस बेट जेम्स मॅथेसन नावाच्या माणसाने विकत घेतलं आणि स्टॉर्नोवे गावात कॅसल बांधला. पैसा कुठला? चीनला विकलेल्या अफूचा. आणि त्याच्या कंपनीला मुंबईतून माळव्याची अफू पाठवणाऱ्यांत आघाडीवर कोण, तर आपले जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जेजे हॉस्पिटल आहे तेच. जग लहान आहे हो. असो.

आता कादंबरीचा गाभा. लुईसच्या उत्तरेला साधारण ६५ किलोमीटरवर सुला स्गेर नावाचा एक ओसाड खडक आहे. नेसमधले दहा पुरुष दरवर्षी तिथे जायचे, गॅनेट ह्या समुद्रपक्ष्याची पिल्लं मारायला, त्या पिल्लांना गुगा म्हणतात. १५४९ च्या एका वर्णनातही ह्याचा उल्लेख आहे, आणि आज ते सरकारी परवान्यावर चालतं, बरीच वर्षं मर्यादा दोन हजार पक्ष्यांची होती. लांब काठीच्या टोकाला फास, कड्यावर ओणवं होऊन पिल्लू पकडायचं, मग पिसं काढायची, जाळावर भाजून घ्यायचं, चिरायचं, मीठ भरायचं आणि थर लावायचे. दोन आठवडे दगडी खोपटात मुक्काम, रविवारी काम बंद. रविवारचं तर विचारूच नका, लुईसवर रविवारी पोरांचे झोपाळेसुद्धा बांधून ठेवायचे, आणि स्टॉर्नोवेहून रविवारी फेरी सुटायला २००९ साल उजाडलं.

अठराव्या वर्षी फिनलाही ह्या खडकावर जावं लागलं, आणि तिथे जे घडलं ते तिथेच सोडून यायचं असा दहा जणांचा अलिखित कायदा. बस, इथे थांबतो, पुढचं बोललो तर तुम्ही मला स्टेशनबाहेर गाठाल.

तक्रारी आहेत. मधली शंभरेक पानं आठवणीतच रेंगाळतात, खून बिचारा वाट बघत बसतो, बायकांच्या वाट्याला सोसण्यापलीकडे फारसं येत नाही, आणि शेवट जरा सिनेमाटिक झालाय. पण गंमत बघा, लेखकाने आधी ह्याच बेटावर गेलिक टीव्ही मालिकेचं काम वर्षानुवर्षं केलेलं, बेट पाठ होतं, तरी ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी हे पुस्तक नाकारलं आणि २००९ मध्ये ते आधी फ्रेंचमध्ये आलं. इंग्रजी वाचकांना २०११ पर्यंत थांबावं लागलं.

वाचायला घ्याल तेव्हा फोनवर नकाशा उघडा, लुईसचं वरचं टोक शोधा आणि तिथून आणखी वर सरका. बराच वेळ नुसतं निळंच दिसेल. झूम करत राहा, मग एक ठिपका येईल. पुस्तकातले दहा जण तिकडेच निघालेत, होडीत मिठाची पोती भरून, आणि फिनला आत्ताच उलट्या सुरू झाल्यात.