सुवर्णसौधात आपला प्रश्न कोण विचारणार?

(दृश्य: पुणे-बेंगळुरू महामार्ग. हलगा-बस्तवाडजवळची सुवर्ण विधानसौधची इमारत. कडेला पोलिसांचे बॅरिकेड्स, लाल दिव्यांच्या गाड्या.)

निवेदन:
डिसेंबर उजाडला की बेळगावात लॉजवर खोली मिळणे मुश्कील होते. मंत्री, सचिव, आमदार, त्यांचे स्वीय सहायक, फायलींचे गठ्ठे, सगळा लवाजमा बेंगळुरूहून इथे मुक्कामाला येतो. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होते.

2006 साली पहिल्यांदा अधिवेशन इथे भरले, तेव्हा ते केएलई शिक्षणसंस्थेच्या आवारात झाले. पुढे हलग्याच्या माळावर सुवर्ण विधानसौध ही स्वतंत्र इमारत बांधली गेली आणि 11 ऑक्टोबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बेळगाव कर्नाटकाचेच, हे दाखवण्यासाठी ती उभी राहिली, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. म्हणूनच सीमाभागातल्या मराठी माणसाने तिच्याकडे पाठ फिरवली. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, अलीकडे त्याला नाकारलेली परवानगी, मेळाव्याच्या जागेच्या, व्हॅक्सिन डेपोच्या वाटेवर धरपकड आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

तो निषेध आवश्यक आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण निषेध रस्त्यावर होतो आणि कायदे आत होतात. त्या कायद्यांखाली आपणही राहतो.

(दृश्य: काकतीच्या पुढचा महामार्ग, संध्याकाळ. गावाचे नाव किंवा घर दिसू नये.)

निवेदन:
11 डिसेंबर 2023. अधिवेशनाचा दुसरा आठवडा सुरू होत होता. त्याच पहाटे काकती पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एका गावात एका बाईला घरातून ओढून बाहेर काढले गेले. तिचा मुलगा गावातल्या एका मुलीसोबत निघून गेला होता. मुलीकडच्यांनी राग काढला तो आईवर. तिला विवस्त्र करून खांबाला बांधले. बघे होते. मध्ये पडणारे फार थोडे.

सगळे सरकार त्या दिवशी याच तालुक्यात होते. गृहमंत्री जी. परमेश्वर रुग्णालयात गेले, त्या माउलीला भेटले. भाजप तेव्हा विरोधात होता आणि आर. अशोक विरोधी पक्षनेते. विरोधी बाकांवरून सरकारला जाब विचारला गेला: पोलिसांना कळायला आणि पोहोचायला उशीर का झाला? राजधानीपासून पाचशे किलोमीटरवरच्या गावातल्या या घटनेचा कागद एरवी बेंगळुरूला पोहोचेपर्यंत ती शिळी झाली असती. इथे मंत्र्याला टाळाटाळ करता आली नाही. अधिवेशन बेळगावात भरवण्याचा खरा उपयोग कोणता, असे कुणी विचारले, तर आम्ही हे उदाहरण देऊ.

त्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे. जन्म निपाणीचा. याच जिल्ह्यातला. तपास सीआयडीकडे गेला. आणि न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली, जी आम्हाला फार मोलाची वाटते: पुढाऱ्यांच्या आणि संघटनांच्या भेटींवर त्यांनी निर्बंध घातले. ज्या बाईला गावाने उघड्यावर आणले, तिच्या खाटेभोवती कॅमेरे आणि शिष्टमंडळे गोळा होणे, हा तिच्यावरचा दुसरा घाव होता.

विरोधकांनी प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो मंत्र्याला विचारायचा असतो, सभागृहात. रुग्णालयाच्या वॉर्डात त्याचे काही काम नाही.

(दृश्य: सभागृहाचे संग्रहित चित्रण. मंत्री उत्तर वाचत आहेत, समोरच्या बाकावर एक आमदार हात वर करून उभे.)

निवेदन:
सभागृहात प्रश्न विचारायचा म्हणजे काय, हे टीव्हीवरच्या गोंधळात दिसत नाही. आमदार कित्येक दिवस आधी लेखी प्रश्न देतो. तारांकित असेल तर मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकित असेल तर छापील उत्तर पटलावर येते. तातडीचा विषय असला तर लक्षवेधी सूचना. खरी कसोटी पुरवणी प्रश्नाची. छापील उत्तर खात्याच्या अधिकाऱ्याने लिहिलेले असते. पुरवणीला मंत्र्याला स्वतःच्या डोक्याने बोलावे लागते. आणि मंत्र्याच्या तोंडून एकदा ‘करू’ निघाले, की ते सभागृहाच्या आश्वासन समितीच्या वहीत जाते. अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरून घोषणा दिल्या, तर वहीत काहीच जात नाही. सभात्याग केला, तर मंत्री सुटला.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचाच विषय घ्या. कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला तो 1982 ला. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या बायकांची सरकारी सर्वेक्षणे 1993-94 आणि 2007-08 ला झाली, नोंद झाली 46 हजारांवर. ज्यांचे नाव त्या यादीत चढले नाही, त्यांना मासिक मानधन मिळाले नाही, घरकुल मिळाले नाही. त्या मराठी बोलतात की कन्नड, यादीला फरक पडत नाही. अशा प्रश्नाला एका चिकाटीच्या आमदाराची गरज असते. आवाज चढवणाऱ्या दहा जणांनी ते काम होत नाही.

(दृश्य: कोंडसकोप्पजवळ आंदोलनाचे मंडप. अंगणवाडी सेविका सतरंजीवर बसल्या आहेत. एकीच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, आत निवेदनाच्या झेरॉक्स, वर तारखेचा शिक्का.)

निवेदन:
सौधपासून जवळच हे मंडप पडतात. शेतकरी, ऊसवाले, अंगणवाडीच्या बायका इथे बसतात, मंत्री येण्याची वाट पाहतात. यात मराठी माणसेही असतात. आपापल्या संघटनेच्या झेंड्याखाली, भाषा बाजूला ठेवून.

आणि भाषेचा प्रश्न? तो आत मांडायला कुणी उरलेले नाही. जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा. 2013 ला समितीचे दोन आमदार निवडून आले होते, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. 2018 ला एकही नाही, 2023 ला एकही नाही. फुटीचे, हट्टाचे, उमेदवारीच्या भांडणांचे हे फळ आहे, आणि ते आपणच पिकवले आहे.

खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात जमिनीचा उतारा पडतो तो कन्नडमध्ये. नोटीस कन्नडमध्ये. ती वाचून दाखवायला नातवाची वाट पाहावी लागते आणि तेवढ्यात हरकत घ्यायची मुदत निघून जाते. याला उत्तर घटनेत आहे. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने 350-अ आणि 350-ब ही कलमे आली: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त. एखाद्या भागात अल्पसंख्याकांची भाषा बोलणारे 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर महत्त्वाच्या नोटिसा आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे देशाने मान्य केलेले धोरण. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण जिल्ह्यातच मराठी मातृभाषा असणारे 18 टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत तर कितीतरी जास्त.

सीमाभागावरचा महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. गावे कोणत्या राज्यात जावीत, ते न्यायालय ठरवील. पण आज, कर्नाटकात राहत असताना, नोटीस मराठीत का मिळत नाही, या प्रश्नाला त्या दाव्याच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. तो महसूलमंत्र्याला विचारता येतो. विचारणारा काँग्रेसचा असो, भाजपचा असो, जनता दलाचा असो. मराठी मते घेऊन निवडून आलेले आमदार सगळ्या बाजूंना बसले आहेत. घटनेचे 210 वे कलम तर सांगते की ज्या सदस्याला सभागृहाच्या भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात.

(दृश्य: झेरॉक्सच्या दुकानात एक तरुण नोटिशीची प्रत काढून तिच्यावर तारीख लिहितो.)

निवेदन:
येत्या अधिवेशनाआधी एवढे करता येईल: मराठीत मागूनही कन्नडमध्येच मिळालेल्या नोटिशीची प्रत, कार्यालयाचे नाव, तारीख, आणि मराठीत मिळावी म्हणून केलेल्या अर्जाची पोच. असे कागद गावागावांतून जमवून, वेळेत, आपल्या मतदारसंघाच्या आमदाराच्या हातात द्यायचे. सोबत एका ओळीचा प्रश्न लिहून द्यायचा आणि तो कोणत्या दिवशी लागला, हे विचारायला पुन्हा जायचे.