बुधवारी सकाळी काँप्युटर चालू केल्यावर

नमस्कार श्रोतेहो. मी पनवेलला असतो, काँप्युटर रिपेरिंग आणि एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. छोटी हॉस्पिटलं, लॅब, सीए लोकांची ऑफिसं, दोन शाळा, एक पतसंस्था असे माझे कस्टमर. आज बोलायचंय ते अपडेटबद्दल, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात ती पट्टी येते ना, जी आपण बघतो, बंद करतो आणि पुढच्या कामाला लागतो, तिच्याबद्दल.

आधी एक दिवस सांगतो. 12 मे 2017, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाला एका पॅथॉलॉजी लॅबमधून फोन आला, दादा लगेच या, स्क्रीन लाल झालीय आणि एकही रिपोर्ट उघडत नाहीये. गेलो. चार मशीन, चारही विंडोज 7, सगळ्या नेटवर्कच्या एकाच स्विचला जोडलेल्या. तीन मशीनवर तीच लाल खिडकी, डावीकडे दोन उलटी चालणारी घड्याळं, 300 डॉलरचे बिटकॉइन भरा, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट, सात दिवसांनी फाईली कायमच्या गेल्या. पेशंटचे रिपोर्ट वर्डमध्ये टाईप केलेले असायचे, त्या प्रत्येक फाईलच्या नावाला डब्ल्यूएनसीआरवाय असं शेपूट लागलेलं. आणि चौथी मशीन, रिसेप्शनची, एकदम व्यवस्थित चालू. तिच्यावर बिलं निघत होती.

मला आधी कळेचना. तोच स्विच, तेच नेट, तेच विंडोज, मग ही कशी वाचली? मग कळलं की लॅबच्या मॅडमच्या भाच्याने पंधरा दिवसांपूर्वी ती फॉरमॅट मारली होती आणि नंतर एक अख्खी रात्र अपडेट होत ठेवली होती. बाकीच्या तिन्ही मी बसवलेल्या. आणि मी मशीन बसवली की सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन विंडोज अपडेट बंद करून टाकायचो, म्हणजे कटकट नको. मॅडम रागावल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, दादा, ते अपडेट तुम्हीच बंद केलं होतंत ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, केलंच होतं मी.

आता हे बंद का करायचो तेही सांगतो, कारण आजही आपल्याकडे कितीतरी रिपेरिंगवाले हेच करतात आणि त्यांच्याकडे कारणं असतात. तेव्हा नेट डोंगलवर चालायचं, पॅक मोजून मापून, अपडेट सुरू झालं की पॅक दोन दिवसांत संपला म्हणून कस्टमर ओरडायचा. दुसरं म्हणजे अर्ध्याहून जास्त ठिकाणी विंडोज कॉपी केलेली, अपडेट केलं की काळी स्क्रीन येऊन ही कॉपी ओरिजिनल नाही असा मेसेज येईल ही भीती. आणि तिसरं, सकाळी दहाला काउंटरसमोर लाईन लागलेली असताना मशीन अपडेट चालू आहे बंद करू नका म्हणत 34 टक्क्यांवर अडकून बसते तेव्हा शिव्या मलाच पडायच्या. म्हणून मी बंद करायचो. कारणं खरी होती हो, पण त्यातलं एकही कारण त्या तीन मशीनमधल्या रिपोर्टच्या तोलाचं नव्हतं.

त्या व्हायरसचं नाव वॉनाक्राय. कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं म्हणून तो पसरला असं नाही, लॅबमधल्या कोणीच काही केलं नव्हतं. विंडोजमध्ये एका मशीनवरची फाईल दुसऱ्या मशीनवर बघायला जी सोय असते, फाईल शेअरिंग, तिच्या जुन्या व्हर्जनमध्ये एक भोक होतं, त्यातून तो आपणहून आत यायचा आणि आत आला की शेजारची मशीन शोधायचा. पण हे भोक मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 लाच बुजवलं होतं. पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, आला होता, फुकट होता, विंडोज 7 साठी होता. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, 14 एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने त्याच भोकातून आत शिरायचं हत्यार नेटवर सगळ्यांसाठी टाकलं, आणि ते हत्यार मुळात अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलेलं. आणि मग 12 मे. म्हणजे पॅच आल्यापासून 59 दिवस. त्या 59 दिवसांत ते अपडेट ज्यांनी होऊ दिलं त्यांच्याकडे हा आत येऊ शकला नाही, आणि मी तर पट्टी येण्याची सोयच काढून टाकली होती.

लोकांना वाटतं अपडेट म्हणजे नवीन काहीतरी येणार, नवा रंग, नवी बटणं, आपल्याला काय करायचंय. पण दर महिन्याचं सिक्युरिटी अपडेट म्हणजे जाहीर कबुली असते की इथे इथे भोक होतं, आम्ही बुजवलंय. ही कबुली चोरही वाचतो. तो जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवून बघतो की नेमकं काय बदललं, त्यावरून त्याला भोक कुठे होतं ते कळतं, आणि मग तो ज्यांनी अजून बुजवलं नाही त्यांना शोधत फिरतो. म्हणजे पॅच यायच्या आधी ते भोक मोजक्या लोकांना माहीत असतं, पॅच आल्यावर सगळ्या जगाला. त्या दिवसापासून उशीर महाग पडायला लागतो.

इंग्लंडमध्ये काय झालं बघा. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या, एनएचएसच्या, इंग्लंडमधल्या एक तृतीयांश ट्रस्टना, म्हणजे हॉस्पिटलं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, याचा फटका बसला. 19 हजारांहून जास्त अपॉइंटमेंट रद्द झाल्या असा अंदाज नंतर निघाला, काही ठिकाणी अँब्युलन्स दुसरीकडे वळवाव्या लागल्या. आणि मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये त्यांना लेखी अलर्ट गेले होते की पॅच मारा. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण ऑपरेशनची तारीख किती महिन्यांनी मिळते हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल.

तो थांबला कसा, तर इंग्लंडमधल्याच मार्कस हचिन्स नावाच्या 22 वर्षांच्या पोराने व्हायरसच्या कोडमध्ये एक अगम्य वेबसाईटचं नाव बघितलं आणि दहाएक डॉलर भरून ते स्वतःच्या नावावर घेतलं. व्हायरस आधी त्या पत्त्यावर हाक मारायचा आणि उत्तर आलं तर गप्प बसायचा. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजत होते, मी लॅबमध्ये तिन्ही मशीनच्या वायरी काढून बसलो होतो. ज्यांच्या फाईली लॉक झाल्या त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. लॅबचा पेन ड्राईव्हवरचा बॅकअप तीन आठवडे जुना होता, मधले रिपोर्ट मॅडमनी आणि दोन टेक्निशियन मुलींनी हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून पुन्हा टाईप केले, मी पण रात्री बसायचो टाईप करायला, आठ दिवस लागले.

बरं, यानंतर तरी जग शहाणं व्हावं ना. 27 जून 2017, म्हणजे पॅच आल्यापासून 105 दिवस, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, आणि त्याच्या हत्यारांमध्ये हे जुनं भोकही होतंच. हा तर आमच्या दारात आला. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क बसलं आणि न्हावा शेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. उरण-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको की बंदराचं एक टर्मिनल थांबणं म्हणजे काय, ट्रेलर, ड्रायव्हर, क्लिअरिंग एजंट, नाशिकचा माल, सगळंच अडकतं. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 काँप्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर. त्यांच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची यादी ज्या सर्व्हरवर असते ते सगळीकडचे पुसले गेले, फक्त घानामधला एक वाचला, का, तर त्या वेळी तिथे लाईट गेली होती. एवढी मोठी कंपनी, आणि लोडशेडिंगमुळे वाचलेल्या एका सर्व्हरवरून परत उभी राहिली.

पण इथे एक गोष्ट लपवणार नाही. नॉटपेट्या पसरला कसा, तर युक्रेनमधल्या एका टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. चोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसले आणि अपडेटमध्येच विष घातलं. आणि आत शिरल्यावर तो मेमरीतले पासवर्ड चोरून पॅच मारलेल्या मशीनमध्येही जायचा. तसंच 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं एक अपडेट चुकीचं गेलं आणि 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या, आपल्या एअरपोर्टवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले होते, फोटो पाहिले असतील तुम्ही. तर लोक मला विचारतात, मग बंदच ठेवलेलं बरं ना? नाही. अपडेटमधून विष येणं ही क्वचित घडणारी गोष्ट आहे, जुन्या भोकातून चोर येणं हे रोज चालू आहे. एकाच वेळी ऑफिसच्या सगळ्या मशीन अपडेट करू नका, आधी एक करा, दोन दिवस चालवून बघा, प्रिंटर निघतोय का, टॅली उघडतंय का, मग बाकीच्या. आणि बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क मशीनला कायम लावून ठेवायची नाही, घेतला की काढून कपाटात.

माझी पद्धत सांगतो. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र, म्हणजे आपल्याला बुधवारी सकाळी दिसतात. तर त्या बुधवारी सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज अपडेट उघडायचं, चेक करायचं, आणि संध्याकाळी निघताना अपडेट अँड शटडाऊन करून जायचं, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. सकाळच्या लाईनीत करू नका. क्रोमचं अपडेट आपोआप उतरतं पण क्रोम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपल्याकडे चाळीस टॅब उघडे ठेवून महिना महिना क्रोम बंद न करणारे खूप आहेत, त्यांनी आजच बंद करून उघडा. झिप फाईली उघडायचं विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, 2019 मध्ये त्यात 19 वर्षं जुनं भोक सापडलं होतं, म्हणजे ते नवं व्हर्जन हातानेच टाकावं लागतं. मोबाईलमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, दोन-दोन वर्षं जुनी तारीख असलेल्या फोनवरून लोक यूपीआय करतात, मला भीती वाटते बघून. आणि वेबसाईट बघताना मध्येच तुमचं अमुक जुनं झालंय इथे दाबा असं आलं, किंवा व्हॉट्सॲपवर कोणी एपीके, म्हणजे ॲपची फाईल, पाठवली, तर ते अपडेट नाही, ते टाकू नका. चुकून टाकलं आणि खात्यातून पैसे गेले तर 1930 ला लगेच फोन.

आता जुन्या मशीनचं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. घरगुती वापरासाठी जादा सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं, आपोआप होत नाही. विंडोज 11 प्रत्येक मशीनवर बसत नाही, त्याला टीपीएम 2.0 नावाची सिक्युरिटीची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा. ज्यांचं काम फक्त ब्राउझर आणि टायपिंगचं आहे त्यांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाकून देतो, फुकट आहे, अपडेट येतात, पाच-सहा ठिकाणी छान चाललंय. आणि डीटीपीवाल्या मित्रांनो, तुमचं डोंगलवालं, म्हणजे लॉकची चावी लावून चालणारं, जुनं मराठी टायपिंग नव्या विंडोजवर चालत नाही हे मला माहीत आहे, लग्नपत्रिकेचा सीझन तुम्ही त्याच्यावरच काढता. तर ती मशीन ठेवा, पण तिची नेटची वायर काढा, तिच्यावर मेल नको, बँक नको, आणि हिशोबाच्या मशीनला तिला जोडू नका. कस्टमरचा पेन ड्राईव्ह आधी दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनला लावून तपासा, मगच तिकडे न्या.

ती लॅब अजून माझ्याकडेच आहे. आता सहा मशीन झाल्यात. सॅम्पलच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मॅडम दर महिन्याला त्या बुधवारची तारीख आणि पुढे एक ते सहा आकडे लिहितात, जी मशीन झाली तिच्या आकड्याला गोल करतात. एखादा गोल राहिला तर गुरुवारी मला फोन येतो.