गेंडा गेला कुठे?

मंडळी, आजच्या गोष्टीची सुरुवात एका हाडापासून करू. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं गाव आहे. आसपास सगळे वाळूचे धोरे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा गेंड्याच्या खांद्याचं हाड हाती लागलं. रुंद, चपटं, वर खळगे पडलेलं. मध्याश्मयुगातल्या कुणीतरी ते ऐरणीसारखं वापरलं होतं, त्यावर ठेवून दगडाची बारीक हत्यारं घडवली होती.

आता गेंड्याला काय लागतं? उंच गवत, डुंबायला चिखल, बारा महिने पाणी. वाळूत त्याचं काय काम? म्हणजे त्या काळी तिथे तळी भरत होती.

दक्षिणेत कर्नूलच्या बाजूला बिल्लासुर्गमच्या चुनखडी गुहा आहेत. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1880च्या दशकात त्या खणल्या. तिथेही गेंडा निघाला. आज बघायचा तर काझीरंगा नाहीतर नेपाळची तराई गाठावी लागते. प्राणी संपला नाही, त्याचा मुलूख आक्रसला.

या गुहांचा नव्याने अभ्यास होऊन 2014 साली निष्कर्ष छापून आले. ओळख पटलेल्या 21 प्रकारच्या सस्तन प्राण्यांपैकी 20 किमान 1 लाख वर्षांपासून आजपर्यंत टिकलेत, काही तर 2 लाखांपासून! गेला तो एकच, इथिओपियातल्या गेलाडा माकडाचा भाऊबंद. याच काळात शेवटचं हिमयुग येऊन गेलं. त्याच्या ऐन भरात, साधारण 20,000 वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता आणि आपला मोसमी पाऊस रोडावला होता. तरी नीलगाय राहिली, सांबर राहिलं.

कसं जमलं? मला वाटतं, आपल्या भूमीच्या गोधडीमुळे. घाटमाथ्यावर दाट रान, घाट ओलांडून चार कोस पूर्वेला आलात की बोरी-बाभळी. दुष्काळ सगळीकडे सारखा पडत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एक ठिगळ सुकलं की जनावर दुसऱ्यावर सरकायचं. जनावरं स्थानिक पातळीवर नाहीशी झाली, देशातून नाही.

पण गुहा सोडून देशभराचा हिशेब मांडला तर चार मोठे प्राणी गेले: दोन प्रकारचे हत्तीवर्गीय, एक पाणघोडा आणि एक रानघोडा. त्यांचा ऱ्हास 30,000 वर्षांपूर्वीच्या सुमाराला सुरू झालेला दिसतो, आणि हवामानाच्या आलेखाशी तो नीट जुळत नाही. माणूस त्यांच्यासोबत त्याआधी हजारो वर्षं राहत होता, पण सोबत राहून शिकार होत नाही असं थोडंच आहे? मोठ्या जनावराची वीण सावकाश. आजची हत्तीणसुद्धा 22 महिने गाभण असते. वर्षाला थोडी जास्त मारली तरी कळप भरून निघत नाही. माझा संशय माणसावर आहे. पाणघोड्याच्या बाबतीत मात्र आटत्या डोहांनाही मी सोडणार नाही.

निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वरला थंडीत पक्षी बघायला जाता ना? त्या चारांपैकी एका हत्तीचे अवशेष तिथल्याच गोदावरीच्या गाळात सापडलेत, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. पुढच्या वेळी दुर्बीण जरा खाली, काठाच्या पिवळ्या मातीकडे वळवा.